अक्षराखाली उभे दोन ठिपके, हे कुठलं अक्षर? सिंधी मजकूर छापायचाय, जरा मदत करा

हरभटरोड_डीटीपी

नमस्कार मंडळी. सांगलीत डीटीपी आणि फ्लेक्सचं काम करतो, मराठी कन्नड इंग्लिश रोजचंच, उर्दू कधीमधी मिरजेकडचं एखादं कार्ड आलं तर तेवढंच. आत्ता एक वेगळंच काम आलंय. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापडाचं दुकान असलेले एक सिंधी गृहस्थ आहेत, त्यांच्या आजोबांची हाताने लिहिलेली वही आहे, फाळणीत इकडं आले तेव्हाची हकीकत आणि अधेमधे भजनं, हिशोब असलं काय काय. घरात लग्न आहे तर त्यातली निवडक पानं छापून छोटी पुस्तिका वाटायची म्हणतात, डाव्या पानावर ती जुनी लिपी आणि उजव्या पानावर तेच देवनागरीत. वाचणारं घरात आता कोणी नाही, एक आत्या आहेत उल्हासनगरला, त्या फोनवर वाचून सांगतात आणि देवनागरी भाग त्यांच्याकडनंच येणार आहे.

मी आपला उर्दूचा फॉन्ट लावून एकेक अक्षर बघून टाइप करायला घेतलं. बरंच जमलं पण एक अक्षर सारखं सारखं येतंय आणि तिथं चौकोन पडतोय. दिसायला उर्दूतल्या बे सारखंच आडवं, पण बे च्या खाली एक ठिपका असतो ना, ह्याच्या खाली दोन आहेत आणि ते शेजारी शेजारी नाहीत तर एकाखाली एक, उभे. तसेच उभे दोन ठिपके गाफच्या, म्हणजे ग च्या, खाली पण दिसले दोन-चार ठिकाणी. शिवाय चार-चार ठिपक्यांची अक्षरं आहेत ती वेगळीच, त्यांच्याकडं नंतर बघू.

दुकानातला पोरगा म्हणतोय बे टाकून मोकळं व्हा, कोण वाचतंय. मला ते काय पटेना. तर हे अक्षर कुठलं, उच्चार काय, आणि कुठल्या फॉन्टमध्ये मिळंल? पुढच्या आठवड्यात प्लेटला द्यायचंय.

मिरजकर_बाबू

भाऊ हे उर्दू नाहीच, सिंधी आहे, आणि उर्दू समजून टाइप करताय तिथंच घोळ होणार आहे. मी उर्दू मीडियमचा, वाचायला बसलो तर मलासुद्धा निम्मं चुकीचं वाचता येईल. एक उदाहरण देतो. उर्दूत ज्याला आपण काफ म्हणतो, वरती तिरकी रेघ असलेलं, ते अक्षर सिंधीत 'ख' आहे. सिंधीतला 'क' वेगळा, तो आडवा लांबलचक पसरलेला असतो. उर्दूत दोन्ही काफच वाटणार, आणि तुम्ही एकाच बटणाने दोन्ही मारले असतील तर सगळे क आणि ख एक झाले. आधी ते तपासा.

दुसरं म्हणजे उर्दूत भ, थ, फ असलं काही लिहायचं तर पुढं दोचश्मी हे, म्हणजे दोन डोळ्यांचा ह, जोडतात. सिंधीत तसं नाही, जवळजवळ प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर आहे, ते तुमचे चार ठिपकेवाले तेच. बे च्या खाली चार म्हणजे भ, ते च्या वर चार म्हणजे थ, फे च्या वर चार म्हणजे फ. झ आणि घ तेवढे उर्दूसारखे दोचश्मी लावून लिहितात, ते का तसे ठेवले देव जाणे.

तुमचं ते उभ्या दोन ठिपक्यांचं बे मात्र उर्दूत औषधालाही सापडणार नाही, कारण तो आवाजच उर्दूत नाही. उच्चार इथं कोणी सिंधी असेल तर सांगेल.

वळिवडे_ताई

आहे की सिंधी, गांधीनगरचीच. आमच्या गावाची गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते, दुसऱ्या महायुद्धात इथं वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, जवळजवळ पाच हजार माणसं, ती गेल्यावर त्याच बराकींत आमची माणसं आली. आज सांगली मिरजेचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला येतात ते हेच गाव.

आता अक्षराचं. देवनागरीत ते ॿ असं लिहितात, ब च्या खाली आडवी रेघ. तुम्हाला फोनवर नीट दिसतंय का बघा, नसेल तर तिथं पण चौकोन पडंल. उच्चार ब सारखा पण हवा बाहेर न टाकता आत ओढायची. ओठ बंद करा, कंठमण्यावर बोट ठेवा, ओठ उघडायच्या आधी तो मणी खाली गेला पाहिजे. तोंड अरुंद असलेल्या बाटलीतनं पाणी ओतताना जो बुडुक आवाज येतो ना, साधारण तसा ब. आमच्या घरात लहान पोरांना शिकवावं लागत नाही, पण माझ्या मराठी जाऊबाईंना आज इतक्या वर्षांनी पण जमत नाही, त्या सरळ ब म्हणतात आणि आम्ही समजून घेतो.

असे आवाज सिंधीत चार आहेत. ॻ ॼ ॾ ॿ. गाफच्या खाली उभे दोन ठिपके बघितलेत तो ॻ. गाव म्हणजे ॻोठु, गूळ म्हणजे ॻुड़ु, बोलणं म्हणजे ॻाल्हि. जीमच्या पोटात उभे दोन ठिपके असले की ॼ, जीभ म्हणजे ॼिभ. आणि दालवर तीन ठिपके, टोक खाली करून, तो ॾ, दिवाळीला आम्ही ॾियारी म्हणतो. ॿ चे तर रोजचे शब्द, दोन म्हणजे ॿ, मांजर ॿिली, होडी ॿेड़ी, मूल म्हणजे ॿारु.

आणि त्या पोराला सांगा, बे टाकून मोकळं होता येत नाही. साध्या ब ने बारु लिहिलं तर त्याचा अर्थ ओझं. आजोबांनी लिहिलं असंल की दोन मुलं घेऊन जहाजात बसलो, आणि तुम्ही छापणार दोन ओझी घेऊन बसलो.

पेठेतला_पक्या

ताई, पोरं घेऊन प्रवास म्हणजे ओझंच की ओ, अर्थ तोच राहतोय 😀

वळिवडे_ताई

@पेठेतला_पक्या हे तुमच्या मिसेसना दाखवा आधी 😄

अजिंक्यतारा_अण्णा

ह्या लिपीचा आणि आमच्या साताऱ्याचा एक धागा आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिंध इंग्रजांनी १८४३ साली घेतलं. तेव्हा सिंधी भाषा कशात लिहायची ह्याचा काही ताळमेळ नव्हता, मुसलमान आपल्या पद्धतीच्या अरबी लिपीत लिहीत, हिंदू व्यापारी खुदाबादी किंवा हटवाणिकी असल्या दुकानी लिप्यांत, काही जण गुरुमुखीत, काही देवनागरीत. आता कारभार चालवायचा तर एक लिपी पाहिजे. कॅप्टन जॉर्ज स्टॅक म्हणून एक अधिकारी होता त्याने १८४९ मध्ये सिंधीचं व्याकरण आणि कोश छापला तो देवनागरीत, त्याचं म्हणणं देवनागरीच ठेवा. रिचर्ड बर्टन, तोच जो पुढं मक्केला वेष पालटून गेला, तो अरबी वळणाच्या बाजूचा. शेवटी निकाल अरबीच्या बाजूने लागला आणि १८५३ मध्ये ५२ अक्षरांची वर्णमाला ठरली, एलिस म्हणून अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली समितीने ती बसवली, त्यात हिंदू मुसलमान दोन्हीकडचे जाणकार होते. जे आवाज अरबी फारसीत नाहीत त्यांच्यासाठी जुनीच अक्षरं घेऊन ठिपके वाढवले किंवा फिरवले. तुमचा उभ्या ठिपक्यांचा बे त्यातलाच.

आता धागा. हे सगळं झालं तेव्हा सिंधचा कमिशनर होता बार्टल फ्रियर. आणि हा फ्रियर सिंधला जायच्या आधी कुठं होता, तर साताऱ्यात, छत्रपतींच्या दरबारात रेसिडेंट म्हणून. आप्पासाहेब महाराज १८४८ ला वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं तेव्हा साताऱ्याचा कारभार ह्याच्याच हातात होता. १८५० मध्ये त्याला सिंधला पाठवला. १८५२ ला तिथं टपालाची तिकिटं काढली ती पण ह्यानेच, सिंध डाक म्हणून, हिंदुस्थानातली पहिली चिकटवायची तिकिटं. म्हणजे साताऱ्यात मोडीतले कागद बघून गेलेला माणूस तिकडं जाऊन दुसऱ्या भाषेची लिपी ठरवायला बसला. मला नेहमी वाटतं की राज्य बुडवणं आणि वर्णमाला ठरवणं ही त्या लोकांच्या दृष्टीने एकाच टेबलावरची कामं होती, सकाळी एक फाइल संध्याकाळी दुसरी. असो, साताऱ्याचं दुखणं काढलं की मी थांबत नाही.

त्या वहीत हिशोबाची पानं आहेत म्हणालात ना, ती नीट बघा. ती अरबी वळणाची नसून हटवाणिकीत असण्याची बरीच शक्यता आहे. व्यापाऱ्याचा हिशोब तिच्यातच चालायचा, आपल्याकडं मोडीत चालायचा तसा.

हरभटरोड_डीटीपी

अण्णा, बरोबर बोललात, हिशोबाची पानं डावीकडनं उजवीकडं लिहिलेली आहेत आणि काना मात्रा काहीच दिसत नाही. मी म्हणत होतो एकाच माणसाचं अक्षर इतकं कसं बदललं. ती पानं सरळ स्कॅन करून फोटोच टाकतो, टाइपच्या भानगडीत पडत नाही.

ताई, ते ॿ माझ्या फोनवर दिसतंय पण दुकानातल्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात नाही. आणि कंठमण्याला बोट लावून मी आणि पोरगा दोघं दहा मिनिटं ब ब करत बसलो होतो, गिऱ्हाईक दारातनं परत गेलं.

बाबूभाई, काफचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं, सगळे ख झालेत. परत बसतोय. पण फॉन्टचं कोणी सांगा की.

शोशा_नुक्ता

मी पुण्यात टाइप डिझाइनमध्ये काम करतो, मूळचा विश्रामबागचा, त्यामुळं उत्तर द्यायलाच पाहिजे.

पहिली गोष्ट, उर्दूचा नस्तालिक, म्हणजे तिरक्या उतरत्या वळणाचा, फॉन्ट बाजूला ठेवा. सिंधी नस्खमध्ये छापतात, सरळ ओळीवर बसणारं वळण. उर्दूसाठी बनवलेल्या बऱ्याच फॉन्टांत सिंधी अक्षरं घातलेलीच नसतात म्हणून चौकोन येतो, अक्षर तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या यादीत, अगदी सुरुवातीपासून आहे. यू+०६७बी हा त्याचा नंबर, गाफवाल्याचा यू+०६बी३. फुकट मिळणारे दोन फॉन्ट सांगतो, नोटो नस्ख अरेबिक आणि लतीफ. लतीफ हा शाह अब्दुल लतीफ भिटाई ह्या सिंधी संतकवीच्या नावाचा आणि सिंधी डोळ्यासमोर ठेवूनच काढलेला आहे, मी तुमच्या जागी असतो तर तोच घेतला असता. टाइप करायला फोनच्या जीबोर्डमध्ये सिंधी अरबी कीबोर्ड आहे, तिथं टाइप करून स्वतःला मेल करा, उर्दू कीबोर्डवर ही अक्षरं शोधत बसू नका.

आता खरी मेख. तुम्ही अक्षर सुटं बघितलंत म्हणून लगेच ओळखलंत. शब्दात ते मधे आलं की त्याचं सगळं बूड जातं आणि नुसता एक दात उरतो, शोशा म्हणतात त्याला. हाच दात ब ला, प ला, भ ला आणि ये ला पण असतो, फरक फक्त खालच्या ठिपक्यांचा. एक ठिपका ब. दोन आडवे म्हणजे ये. दोन उभे म्हणजे तुमचा ॿ. तीन म्हणजे प. चार म्हणजे भ. दात एकच आणि पाच अक्षरं! ठिपके वर गेले की आणखी निराळी, एक ठिपका न, दोन आडवे त, दोन उभे ठ, तीन टोक वर केलेले स, तीन टोक खाली केलेले ट, चार थ. बोरूने घाईत लिहिणारा माणूस दोन आडवे ठिपके जोडून एक छोटी रेघ मारतो, दोन उभे असले तरी तसंच करतो, फक्त रेघ उभी होते. म्हणून वहीत दाताखाली रेघ दिसली तर ती आडवी आहे की उभी एवढंच बघायचं. भिंगातनं बघा, किंवा ६०० डीपीआयला स्कॅन करून मोठं करा.

आणि एक फसवी जागा. एकटंच हमझासारखं चिन्ह आणि त्याच्या खाली दोन छोट्या उभ्या रेघा दिसल्या तर ते अक्षर नाही, तो अख्खा शब्द आहे, ऐं म्हणजे 'आणि'. तसंच एकट्या मीमखाली दोन रेघा म्हणजे में, 'मध्ये'. हे दोन्ही फक्त सिंधीतच. पानभर सापडतील.

छपाईला १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका. लहान केलं की उभे दोन ठिपके एकमेकांत जाऊन एक होतात आणि परत ताईंचं ते ओझं.

कृष्णाकाठचा_विवेक

एक शंका, राग मानू नये. भारतात राहून सिंधीसाठी अरबी लिपीचा हट्ट कशाला? देवनागरीत चारही अक्षरं आहेत ना आता, मग सरळ सगळं देवनागरीत छापा, वाचणारे पण वाढतील. ती जुनी लिपी आत्या सोडून कोणाला येतच नाही म्हणताय.

वळिवडे_ताई

विवेकभाऊ, राग नाही, हा वाद आमच्या घरात जेवताना पण होतो. १९६७ ला सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तेव्हापासून इथं दोन्ही लिप्या चालतात आणि दोन्ही बाजूंचे लोक हट्टाला पेटलेले आहेत. माझे सासरे म्हणायचे अरबी लिपी सोडली तर सिंधमध्ये आज जे छापून येतं ते आपल्याला परकं होईल, शाह लतीफ मुळातनं वाचता येणार नाही. माझ्या मुलाचं म्हणणं, मला व्हॉट्सअपवर आजीशी बोलायचंय, देवनागरी बरी, नाहीतर सरळ रोमन. दोघांचं खरं आहे. आणि देवनागरीतले ते चार ॻ ॼ ॾ ॿ युनिकोडमध्ये २००६ साली आले, त्याच्या आधी आम्ही ब लिहून खाली पेनने रेघ मारायचो. पण इथं प्रश्न आजोबांच्या वहीचा आहे. त्यांनी ज्या अक्षरात लिहिलं ते डावीकडं राहू दे, ज्याला वाचता येत नाही त्याला उजवं पान आहेच. नोटेवर पंधरा भाषा असतात त्यात आमची नाही, निदान घरच्या पुस्तिकेत तरी असू दे.

मिरजकर_बाबू

ह्यात मी एक टाकतो. हे अक्षर फक्त सिंधीचंच नाही. पाकिस्तानच्या पंजाबात मुलतान बहावलपूरकडं सरायकी बोलतात, तिच्यातही हे आत ओढायचे चार आवाज आहेत आणि ब, ग, ज साठी हीच उभ्या ठिपक्यांची अक्षरं वापरतात. ड साठी मात्र त्यांनी वेगळं अक्षर काढलंय, दालच्या खाली उभे दोन ठिपके आणि वर छोटी तोय, उर्दूतल्या ट वर असते ती. म्हणजे उद्या कोणी सरायकीचं काम आणलं तर हाच फॉन्ट चालंल असं समजू नका, ते एक अक्षर आधी बघा.

आणि आवाज म्हणाल तर आपल्या वखारीतले कच्छी पटेल पण असं ब आत ओढून बोलतात. ते लिहितात गुजरातीत, तिथं त्याला वेगळी खूणच नाही. ऐकून ऐकून माहीत.

अजिंक्यतारा_अण्णा

बाबूमियां, खूण नसली म्हणून भाषेचं काही अडत नाही हे पण खरं. आपण मराठीत चमचातला च आणि चहातला च वेगळे बोलतो, लिहितो एकच, आणि कोणाचं बिघडत नाही. पण बाहेरचा माणूस शिकायला आला की रडतो. सिंधीवाल्यांनी १८५३ ला बसून प्रत्येक आवाजाला घर दिलं, आपण तेवढी तसदी घेतली नाही.

जाता जाता, खुदाबादी लिपी युनिकोडमध्ये २०१४ ला आली, आवृत्ती ७ मध्ये, आणि त्याच आवृत्तीत आपली मोडी पण आली. त्यामुळं उद्या ती हिशोबाची पानं कोणाला टाइप करायची झालीच तर रस्ता आहे.

हरभटरोड_डीटीपी

लतीफ टाकला, चौकोन गेले. आत्यांना पहिल्या दोन पानांचं प्रूफ व्हॉट्सअपवर पाठवलं, त्यांनी भाच्याकरवी आठ ठिकाणी गोल करून पाठवलंय. त्यातल्या पाच ठिकाणी मी ये वाचलं होतं तिथं ॿ आहे, म्हणजे शोशाभाऊ म्हणाले तेच, रेघ उभी होती. एके ठिकाणी मात्र आत्या म्हणतात आजोबांनीच ठिपका द्यायचा सोडलाय, तो तसाच ठेवा, दुरुस्त करू नका. मला हे आवडलं.

आता एकच अडचण. माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्यात पेस्ट केलं की अक्षरं सुटी होतात आणि डावीकडनं लागतात. आणि पार्टीला कव्हरवर आजोबांचं नाव ह्याच लिपीत सोनेरी फॉइलमध्ये पाहिजे.

शोशा_नुक्ता

लिबरऑफिसमध्ये पान लावा, परिच्छेदाची दिशा उजवीकडून करा, फॉन्ट एम्बेड होऊन पीडीएफ निघते, ती पीडीएफ तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, प्लेटला द्या. कर्व्ह केल्यावर मजकुराला हात लावायचा नाही, काही बदल निघाला तर परत मूळ फाइलीत जायचं. आतला कागद मॅपलिथो घ्या, फार शोषणारा नको.

फॉइलचं म्हणाल तर नावात हे अक्षर आहे का आधी बघा. असेल तर २८ पॉइंटच्या वर ठेवा आणि दोन ठिपक्यांमधली जागा हाताने थोडी वाढवा, फॉइल दाबताना पसरतं आणि ठिपके भरतात. डाय, म्हणजे फॉइलचा ठसा, करायच्या आधी आत्यांना दाखवा.

हरभटरोड_डीटीपी

नावात ॿ नाही, पण आडनावात ॾ आहे, दालवर तीन. म्हणजे तीच कथा. डाय उद्या टाकणार होतो, थांबवली. आत्यांना फोटो पाठवलाय, दुपारी त्या झोपतात, पाचनंतर उत्तर येईल.